चांद्याचा परकोट

वर्ध्याच्या माणसाला जुन्या दगडांचं जरा जास्तच अप्रूप असतं. कारण गावात जुनं असं काही नाहीच. पालकवाडी नावाचं एक खेडं होतं, त्याच्या जागी १८६६ साली इंग्रजांनी दोरी धरून सरळ रस्ते आखले आणि नदीचं नाव गावाला दिलं. जिल्हा त्याच्या चार वर्षं आधी, १८६२ साली, नागपूरपासून तोडलेला. म्हणजे आमचं सगळं वय दीडशे-पावणेदोनशे वर्षांचं. वेस नाही, बुरूज नाही, राजाची गोष्ट नाही.

पाहुण्यांना काही जुनं दाखवायचं तर आम्ही पवनारला नेतो. धाम नदी, विनोबांचा आश्रम, आश्रमाची जमीन खणताना निघालेल्या मूर्ती. पलीकडे गावाचं पांढरीचं टेकाड आहे. १९६७ साली नागपूर विद्यापीठाने तिथे उत्खनन केलं. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं मिराशींचं मत. सगळं खरं, पण वाकाटक आडनावाचा एकही माणूस मला आजवर भेटलेला नाही. ते कूळच विरून गेलं. त्यामुळे पवनारच्या टेकाडाशी आपलं नातं पुस्तकातलं राहतं.

हे सगळं डोक्यात यायला निमित्त झालं भाचीने पाठवलेल्या फोटोंचं. ती सध्या एडिंबरोला असते. सुट्टीत स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात फिरून आली आणि तिने एका किल्ल्याचे वीसेक फोटो धाडले. तीन खाड्या एकत्र येतात तिथे एक छोटं बेट, बेटावर दगडी किल्ला, किनाऱ्यापर्यंत कमानींचा पूल. आयलीन डोनन त्याचं नाव. आपण सगळ्यांनीच तो कॅलेंडरवर नाहीतर बिस्किटाच्या डब्यावर बघितलेला आहे. खाली तिने लिहिलं होतं, "मामा, हा मॅक्रे कुळाचा किल्ला. आपल्याकडे असं कुळाचं काही आहे का?"

आधी तिच्या किल्ल्याबद्दल. तो बघून कुणालाही वाटेल की सातशे वर्षं असाच उभा आहे. तसं नाही. मॅकेन्झी कुळाचा तो किल्ला, आणि मॅक्रे हे त्यांचे किल्लेदार. इतके इमानी की त्यांना मॅकेन्झींचं चिलखत म्हणत. १७१९ साली तिथे बंडखोर आणि त्यांच्या मदतीला आलेले स्पॅनिश शिपाई होते. इंग्रजी आरमाराने तोफा डागल्या आणि नंतर सुरुंग लावून किल्ला उडवला. पुढची जवळजवळ दोनशे वर्षं तिथे नुसता दगडांचा ढीग होता. १९११ साली मॅक्रे-गिलस्ट्रॅप नावाच्या, त्याच कुळातल्या एका लष्करी अधिकाऱ्याने ते बेट विकत घेतलं आणि वीसेक वर्षं खपून १९३२ साली किल्ला पुन्हा उभा केला. तो फोटोतला पूलही तेव्हाचाच. बांधकामावर देखरेख करणाऱ्या माणसाला जुना किल्ला कसा होता ते स्वप्नात दिसलं, अशी कथाही सांगतात!

म्हणजे भाचीने ज्याचे फोटो काढले ते घर माझ्या आजोबांपेक्षाही लहान. पण कुणाचं काय बिघडलं? नाव टिकलं, माणसं टिकली, पैसा होता, म्हणून घर परत उभं राहिलं. 

तिच्या प्रश्नाचं उत्तर मी दिलं ते एका शब्दात. चांदा.

चंद्रपूर म्हणायला हवं खरं तर. १९६४ पासून सरकारी नाव चंद्रपूर. पण आमच्या पिढीच्या तोंडात चांदाच बसलंय. सेवाग्रामला गाडीत बसलं की हिंगणघाट, वरोरा, भांदक करत दीड-दोन तासांत चांदा. आम्ही आयुष्यभर तिथे लग्नकार्याला आणि कोर्टकचेरीच्या कामाला गेलो. स्टेशनवरून रिक्षा करायची, जटपुरा गेटातून आत शिरायचं, काम करायचं, परत. गेट म्हणजे ट्रॅफिक अडकायची जागा, एवढीच ओळख. मान वर करून त्याच्यावर काय कोरलंय ते बघायला कुणाला वेळ होता?

तर आता मान वर करू. वेशीच्या कमानीच्या दोन्ही बाजूंना दगडात एक प्राणी कोरलाय. सिंहासारखा, पण नेहमीचा सिंह नव्हे. त्याच्या पंजाखाली हत्ती. सिंह मोठा, हत्ती केवढासा! हे चांद्याच्या गोंड राजांचं चिन्ह. मॅक्रे-मॅकेन्झींच्या दारावर कोरलेली ढाल असते ना, तेच हे. ते कूळ आत्रामांचं. आणि आत्राम आडनावाची माणसं तुम्हाला वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली कुठेही भेटतील. शाळेत शिक्षक म्हणून, वनखात्यात, एसटीत, शेतात. वाकाटकांसारखं नाही.

कूळ हा शब्द गोंडांकडे आपल्यापेक्षा जास्त पक्का आहे. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे असे त्यांचे गट. जितके देव पुजायचे तो गट. एकाच संख्येच्या देवांची माणसं एकमेकांची भाऊ लागतात, त्यांच्यात सोयरीक होत नाही. स्कॉटिश क्लॅनचं कौतुक करताना आपण हे विसरतो की शेजारच्याच घरात तशी रचना अजून लग्न ठरवताना वापरली जाते.

आता किल्ल्याची गोष्ट. आत्रामांची गादी आधी शिरपूरला (ते आता तेलंगणात), मग वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला. हो, आपलीच वर्धा. बल्लारपूरच्या किल्ल्याच्या भिंतीखालून ती वाहते. खांडक्या बल्लाळशाह नावाचा राजा होता. त्याच्या अंगावर गाठी होत्या, औषध लागू पडत नव्हतं. एकदा शिकारीला गेला असता तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रात त्याला एक पाण्याचं छिद्र सापडलं. पाणी प्यायला, तोंड धुतलं आणि त्या रात्री कित्येक वर्षांनी गाढ झोपला. सकाळी राणीने बघितलं तर गाठी कमी झालेल्या. दोघं परत त्या जागी गेली, गवत काढलं, तर खडकात गाईच्या खुरांसारखे पाच खळगे, त्यात पाणी. तिथे अंचलेश्वराचं देऊळ झालं.

मग दुसरा भाग. देवळाचं काम बघायला राजा येत असे. एकदा झुडपातून एक ससा निघाला आणि पळायचं सोडून राजाच्या कुत्र्यावरच धावून गेला. कुत्रा पुढे, ससा मागे. वेडीवाकडी वळणं घेत मोठं वर्तुळ झालं, शेवटी कुत्र्याने सशाला मारलं. राणी म्हणाली, हा शकून आहे, ज्या वाटेने ते धावले त्या वाटेवर तट बांधा. तेल ठाकूर नावाच्या माणसाकडे आखणीचं काम दिलं, अशी परंपरा.

कुत्र्याच्या अंगावर येणारा ससा अहमदाबादच्या गोष्टीतही आहे आणि विजयनगरच्याही. हा ससा भारतभर किल्ले बांधत फिरलेला दिसतो! पण चांद्याच्या बाबतीत मला ही गोष्ट आवडते, कारण तो तट खरोखरच वळणं घेत जातो. आणि दुसरं, दोन्ही वेळा अक्कल राणीची आहे. राजा नुसता झोपतो आणि शिकार करतो.

खांडक्याचा काळ पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातला धरतात. तट एका पिढीत झाला नाही. वेशी कुणी उभ्या केल्या, भिंत कुणी चढवली, असं करत करत सतराव्या शतकाच्या सुरुवातीला धुंड्या रामशाहाच्या वेळी तो पुरा झाला. म्हणजे शंभराहून जास्त वर्षं एकच काम. मधल्या काळात ऐन-इ-अकबरीत चांद्याच्या बाबजी राजाची नोंद येते. एक हजार घोडेस्वार, चाळीस हजार पायदळ, आणि दिल्लीला खंडणी न देणारा! वैरागडची हिऱ्यांची खाण त्याच्या ताब्यात होती. शाळेत आम्ही वाकाटक वाचले, यादव वाचले, मग एकदम भोसले. मधली दोनअडीचशे वर्षं आमच्या जिल्ह्यांत राज्य कोण करत होतं, हे पुस्तकात एका ओळीत आटपलेलं. मार्कांचा प्रश्न आला नाही म्हणून आम्हीही विचारलं नाही.

बांधकाम बघायचं तर एक गोष्ट आधी डोक्यातून काढावी लागते. हा डोंगरावरचा किल्ला नाही. रायगड-प्रतापगडाची सवय झालेल्या माणसाला चांद्यात किल्ला दिसतच नाही, "कुठाय किल्ला?" असं तो किल्ल्याच्या आत उभा राहून विचारतो. कारण गाव म्हणजेच किल्ला. सपाट जमिनीवर अख्ख्या गावाभोवती घडीव दगडाचा परकोट, जुन्या इंग्रजी पुस्तकांत साडेपाच मैलांचा घेर दिलेला. चार वेशी. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा, पश्चिमेला बिनबा. आणि पाच खिडक्या, म्हणजे लहान दारं. त्यांची नावं ऐकण्यासारखी आहेत. हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, बगड खिडकी, चोर खिडकी आणि मसाण खिडकी. देव, चोर आणि मढं, सगळ्यांची जायची सोय वेगळी.

गावाच्या एका अंगाला इरई, दुसऱ्या अंगाला झरपट, आणि खाली दोघींचा संगम. पावसाळ्यात हे पाणी फुगतं तेव्हा परकोट शत्रूऐवजी पुराला अडवतो. २०२२ च्या पावसाळ्यातही पठाणपुऱ्याकडे पाणी चढलंच. वेशीच्या आतल्या आणि बाहेरच्या घरांत काय फरक पडतो ते तिथल्या लोकांना विचारा. चारशे वर्षांपूर्वीची भिंत अजून कामावर आहे.

आत अंचलेश्वराच्या देवळाशेजारी राजांच्या समाध्या. त्यातली सगळ्यांत भव्य बीरशाहाची. ही बांधली त्याची राणी हिराई हिने. बीरशाहाचा खून झाला त्याच्याच पदरच्या माणसाच्या हातून, मुलगा नव्हता. हिराईने रामशाहाला दत्तक घेतलं आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीची कितीतरी वर्षं स्वतः राज्य चालवलं. महाकालीचं आजचं देऊळ तिचंच. चैत्रात महाकालीच्या जत्रेला नांदेड-परभणीकडून लोक येतात, तेलंगणातून येतात, झरपटीत अंघोळ करतात. त्यातल्या किती जणांना हिराईचं नाव ठाऊक असेल? नवऱ्यासाठी बांधलेली इमारत म्हटली की आपल्याला उलटंच उदाहरण आठवतं, बायकोसाठी बांधलेली. हिराईची समाधी-छत्री बघायला चांद्याला यायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

त्यानंतरचं भरभर सांगतो, कारण ते दुःखाचं आहे आणि लांबवण्यात अर्थ नाही. १७५१ साली रघूजी भोसल्यांनी चांदा घेतलं. शेवटचा राजा नीलकंठशाह बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद झाला. आपल्याच पूर्वजांच्या किल्ल्यात! मग १८१८. बाजीराव पळतोय, आप्पासाहेब भोसल्यांची धडपड चाललीय, आणि कर्नल अॅडम्सची फौज चांद्यापुढे येते. तोफांनी तट फोडून २० मे १८१८ रोजी इंग्रज आत शिरले. किल्लेदार गंगासिंग लढून पडला.

आणि राजवाडा? आयलीन डोननसारखा सुरुंग लावून उडवला असता तर निदान ढीग तरी राहिला असता. इंग्रजांनी जास्त हिशेबी काम केलं. त्यांनी राजवाड्याचा तुरुंग केला. भिंती जाड होत्याच, दार एकच होतं. १८५८ साली बाबूराव शेडमाके, मोलमपल्लीचा जमीनदार, पंचविशीतला पोरगा, इंग्रजांविरुद्ध गोंड-माडियांची फौज उभी करून लढला. अहेरीच्या जमीनदारीणबाईंनी त्याला पकडून दिलं. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्याला याच तुरुंगाशी, पिंपळाच्या झाडाला फाशी दिलं. गोंडांच्या राजवाड्याच्या दारात गोंड माणसाला फाशी. दरवर्षी त्या दिवशी लोक पिवळे झेंडे घेऊन तिथे जमतात.

म्हणजे कुळाचं घर परत बांधायचा प्रश्नच उरला नाही. तिथे बेट विकत घेणारा कर्नल होता. इथे गादी गेल्यावर घराण्याकडे मान राहिला, पैसा नाही. तट पुरातत्त्व खात्याकडे गेला, निळी पाटी लागली. बाकी बुरुजांवर झाडं वाढली, वरचा चालायचा रस्ता काटेरी झुडपांत गेला, कचरा पडला, भिंतीला टेकून घरं झाली. कोळसा आला, वीज केंद्र आलं, गाव परकोटाबाहेर कुठच्या कुठे गेलं. तटावर दिवसाढवळ्या चढायलाही लोक कचरत. 

मग १ मार्च २०१७ ला बंडू धोतरे आणि त्यांच्या इको-प्रो संस्थेची पोरं पहाटे कुऱ्हाडी-कोयते घेऊन तटावर चढली. त्याआधी त्यांची ओळख वाघ, जंगल, साप या कामांसाठी. रोज सकाळी काही तास झुडपं तोडायची, माती काढायची, कचरा खाली उतरवायचा. एक दिवस नव्हे, फोटो काढून घरी जाणं नव्हे. दोनशे दिवस झाले तेव्हा, ऑक्टोबर २०१७ मध्ये, पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्यांचा उल्लेख केला आणि मग सगळ्या देशाला कळलं की चंद्रपूरला किल्ला आहे. चंद्रपूरकरांनाही त्याच वेळी कळलं, असं म्हटलं तर तिथले नातेवाईक माझ्यावर रागावतील, पण म्हणतो. त्यानंतरही काम चालूच राहिलं. तट मोकळा झाल्यावर पुरातत्त्व खात्याने डागडुजी हाती घेतली. लोकांना तटावरून फिरवणं सुरू झालं.

या पोरांच्यात सगळ्या जातींची मुलं होती. आत्राम कुळाचा वारसा आत्रामांनीच सांभाळावा, असं कुणी म्हटलं नाही. मला यातलं हेच महत्त्वाचं वाटतं. मॅक्रे-गिलस्ट्रॅपने बांधला तो त्याच्या पूर्वजांचा वाडा, म्हणून बांधला. तिथे आत जायला तिकीट आहे, आणि आत मॅक्रेंच्या तसबिरी. चांद्याचा तट मुळात गावाचा होता. त्याच्या आत राजा राहिला तसा तेली, कोष्टी, कोमटी, मुसलमान, ब्राह्मण सगळा गाव राहिला. म्हणून तो गावाने झाडला, हे बरोबरच झालं. पण झाडताना, फिरवताना, माहिती सांगताना गोंड राजांचं नाव पहिलं घेतलं पाहिजे, नुसतं "ऐतिहासिक वारसा" म्हणून भागणार नाही. तो शब्द फार सोयीचा आहे. त्यात कुणाचं काय गेलं ते सांगावं लागत नाही.

दुसरी अडचण भिंतीला टेकलेल्या घरांची. नियम स्पष्ट आहे, संरक्षित वास्तूपासून शंभर मीटरच्या आत बांधकाम नको. कागदावर सोपं. पण ज्या गावाभोवतीच वास्तू आहे, त्या गावाने शंभर मीटर आत सरकायचं कुठे? साधी छपराची दुरुस्ती करायची तर परवानगीचे कागद घेऊन हिंडावं लागतं. त्यातले कित्येक जण तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. त्यांना हटवून हिरवळ लावली की फोटो छान येतील, मला शंका नाही. पण मग तो परकोट कशाचा? परकोटाला आत माणसं लागतात.

पुन्हा उभारणीचंही तसंच. जिथे तट ढासळलाय तिथे तो शेजारच्यासारखाच नवा कोरा करावा, असं बऱ्याच जणांना वाटतं. मला नाही वाटत. पडणारं सावरावं, पाणी मुरू देऊ नये, झाडांची मुळं काढावीत, बास. भाचीच्या किल्ल्याचा मोह कितीही पडला तरी.

भाचीला हे सगळं एवढं लांबलचक लिहून पाठवलं. तिचा उलट प्रश्न एकच, राजवाडा आतून बघता येतो का?

येतो, पण वर्षातून एकदा. तुरुंगाच्या आवारात गैबीशाह वली यांचा दर्गा आहे, आणि एक विहीर. मोहरमच्या दिवसांत तुरुंगाचं दार सगळ्यांसाठी उघडतात. गावातली हिंदू-मुसलमान, बायकापोरं रांग लावून त्या दारातून आत जातात, दर्शन घेतात, विहिरीचं पाणी बाटलीत भरून घेतात आणि बाहेर येतात. एरवी आत जायचं तर गुन्हा करावा लागतो. तिला म्हटलं, मोहरमच्या सुमारास सुट्टी काढून ये.